कांजिण्या जातात, विषाणू राहतो

कांजिण्या हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही, तो लहानपणाचा एक टप्पा मानला जातो. दुधाचे दात पडावेत तशा कांजिण्या याव्यात, आठ-दहा दिवस मुलाला घरात ठेवावे, अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरावा, घरात फोडणी देऊ नये, आणि खपल्या पडल्या की पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालून शाळेत पाठवावे, एवढ्यावर विषय संपतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो तिथे संपल्यासारखा दिसतोही, आणि म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात या आजाराला फारसे वजन मिळत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा हिशेबच अपुरा आहे. कांजिण्यांचा विषाणू एकदा शरीरात शिरला की तो आयुष्यभर तिथेच राहतो, आणि त्याने पुढे घडवलेले दुखणे पन्नाशी-साठीनंतर वेगळ्या नावाने, वेगळ्या डॉक्टरांकडे जाते. पाच वर्षांच्या मुलाच्या आजाराची किंमत त्याच्या पुढच्या सत्तर वर्षांत मोजली, तर कांजिण्यांची लस ज्यांना परवडते त्यांनी खासगी दवाखान्यात घ्यावी हे सध्याचे धोरण समर्थनीय ठरत नाही.

या विषाणूचे शास्त्रीय नाव व्हॅरिसेला-झोस्टर. नागीण या नावाने आपण ज्याला ओळखतो तो आजार याच विषाणूमुळे होतो. कांजिण्यांच्या वेळी त्वचेवरच्या फोडांतून आणि रक्तातून तो मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो आणि पाठीच्या कण्यालगत, तसेच कवटीच्या तळाशी, मज्जापेशींचे जे पुंजके असतात त्यांत जाऊन निपचित पडून राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती, विशेषतः टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची, त्याला तिथे दाबून ठेवते. वय वाढले, कर्करोग झाला, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे सुरू झाली, एचआयव्हीची लागण झाली, किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावी लागली की ही पकड सैल होते. मग विषाणू त्या एका पुंजक्यातून निघतो, त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो, आणि त्या तंतूच्या हद्दीत शरीराच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. तरुण माणसाला नागीण झाली तर जाणता डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतो, त्याचे कारण हेच आहे.

नागिणीबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक भीती सांगितली जाते: कमरेभोवती पसरत जाऊन तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो. या समजुतीला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही, कारण तिच्यात एक अचूक निरीक्षण दडलेले आहे. पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतो, हे आपल्या आज्यांनी नेमके पाहिले होते. डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगळे असल्यामुळे तो तिथे थांबतो, इतकेच त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. विषाणू मध्यरेषा ओलांडून अंगभर पसरला तर रुग्णाची प्रतिकारशक्ती कोलमडलेली असण्याची दाट शक्यता असते, तेव्हा भीतीचा तो भागही अगदीच निराधार म्हणता येत नाही. दोष पुढच्या पायरीत आहे. नागीण उतरवणाऱ्याचा शोध, गेरूचा लेप, मंत्र आणि वाट पाहणे यांत जे दोन-तीन दिवस जातात, तेच औषध लागू पडण्याचे दिवस असतात.

कांजिण्या आणि नागीण यांचे नाते एकाएकी उलगडलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टमधील बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांच्या लक्षात आले की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात. इंग्लंडमधील सायरनसेस्टर या गावी वैद्यकीय व्यवसाय करणारे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या साध्या दवाखान्यातल्या नागिणीच्या रुग्णांची सोळा वर्षे नोंद ठेवली आणि १९६५ साली असे मांडले की नागीण बाहेरून येत नाही, लहानपणी आत शिरलेला विषाणूच पुन्हा जागा होतो. १९८४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एकाच रुग्णाच्या आधीच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणूंची जनुकीय तुलना केली, आणि दोन्ही एकच असल्याचा पुरावा मिळाला. एका गावातल्या डॉक्टराने चिकाटीने ठेवलेल्या वह्यांमधून एवढे मोठे सत्य हाती लागावे, हे आपल्या तालुक्यांच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

मुलांमधील गुंतागुंतीबद्दल थोडक्यात सांगतो. खाजवून उघड्या झालेल्या फोडांतून स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू शिरून गंभीर संसर्ग होऊ शकतो. काही मुलांचा तोल जातो, चाल अडखळते, कारण लहान मेंदूला सूज येते. आणि कांजिण्यांनंतरच्या काही महिन्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लहान मुलालाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रे सिंड्रोम हा आजार उद्भवू शकतो, म्हणून ते औषध मुलांना देऊ नये. या घटना विरळ आहेत. पण अमेरिकेत लस येण्यापूर्वी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, दहा हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागे आणि शंभर ते दीडशे मृत्यू होत. सर्वांनाच होणाऱ्या आजारात विरळ घटनांची बेरीजही मोठी होते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत आणखी एक भर पडते. इथे थंड देशांच्या मानाने अधिक माणसे कांजिण्या न होताच मोठी होतात, आणि मोठेपणी झालेल्या कांजिण्या फुप्फुसांपर्यंत जाण्याची भीती कितीतरी अधिक असते. गर्भारपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत आईला त्या झाल्या तर क्वचित बाळात जन्मजात व्यंग राहते, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आता साठीनंतरचा भाग, ज्याचा हिशेब आपण करतच नाही. लस न घेतलेल्या लोकसंख्येत साधारणपणे दर तीन माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नागीण होते, असा पाश्चात्त्य देशांतील अनुभव आहे. फोड सुकतात, पण ज्या मज्जातंतूवाटे विषाणू आला त्याची हानी मागे राहते, आणि काहींना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, जळजळ आणि वीज लागल्यासारखी कळ सोसावी लागते. सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही म्हणून उघड्या अंगाने बसून राहणारी, रात्र रात्र न झोपणारी वृद्ध माणसे ज्यांनी पाहिली आहेत ते नागिणीला किरकोळ म्हणणार नाहीत. कपाळ आणि डोळ्याकडे जाणाऱ्या तंतूत नागीण उठली तर दृष्टी जाऊ शकते; कानाजवळच्या तंतूत उठली तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते आणि ऐकूही कमी येते. नागिणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो, कारण विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचू शकतो. मधुमेहींना नागीण होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्या आरोग्यनियोजनाला लागायला हवी.

अलीकडे या विषाणूचा संबंध स्मृतिभ्रंशाशी जोडला जात आहे, आणि इथे बोलताना जपून बोलले पाहिजे. असे संबंध बहुधा फसवे असतात: जे लस घेतात ते एरवीही तब्येतीची काळजी घेणारे असतात, त्यामुळे लसीचे श्रेय आणि काळजीचे श्रेय वेगळे काढता येत नाही. ब्रिटनमधील वेल्समध्ये मात्र एक योगायोग घडला. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देण्यास सुरुवात झाली, आणि पात्रतेची रेषा जन्मतारखेवर आखली गेली. २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळू शकत होती, आदल्या दिवशीपर्यंत जन्मलेल्यांना ती कधीच मिळणार नव्हती. काही दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन गटांत आहार, शिक्षण किंवा स्वभाव यांचा ढोबळ फरक असण्याचे काहीच कारण नव्हते. पुढील सात वर्षांच्या नोंदी तपासल्यावर लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळले, आणि हा निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता. लसीने विषाणूला दाबले म्हणून हे घडले, की लसीने एकूण प्रतिकारशक्तीलाच चेतवले म्हणून, याचा निवाडा अद्याप झालेला नाही. शिवाय ती जुनी, जिवंत विषाणूची लस आता बहुतेक ठिकाणी वापरात नाही. म्हणून नागिणीची लस म्हणजे विसरण्याच्या आजारावरचा उपाय अशी जाहिरात कोणी केली तर तिला विरोधच केला पाहिजे. पण लहानपणीच्या एका ‘साध्या’ विषाणूचा म्हातारपणीच्या मेंदूशी संबंध असू शकतो, हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही, एवढे मान्य करावेच लागेल.

मग मुलांना लस देऊन हा विषाणू मुळातच का रोखू नये? लस नवी नाही. ओसाका विद्यापीठातील मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये ती तयार केली. त्यांच्या लहान मुलाला कांजिण्यांनी झालेला तीव्र त्रास पाहून ते या कामाकडे वळले होते. अमेरिकेने १९९५ पासून, जर्मनीने २००४ पासून आणि लसीची जन्मभूमी असलेल्या जपानने चक्क २०१४ पासून ती नियमित लसीकरणात घेतली. ब्रिटन मात्र दीर्घकाळ दूर राहिला, आणि त्यामागचे कारण आपण मुळापासून समजून घ्यायला हवे. होप-सिम्पसन यांचे आणखी एक अनुमान होते: कांजिण्या झालेल्या मुलांच्या सहवासात आल्याने मोठ्यांची प्रतिकारशक्ती पुन्हापुन्हा ताजी होते. मुलांतल्या कांजिण्याच थांबल्या तर ही उजळणी थांबेल आणि पुढची काही दशके मोठ्यांमध्ये नागीण वाढेल, असे गणिती प्रारूपांनी सुचवले, आणि ब्रिटनने लस लांबवली.

या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. ब्रिटनमधील नोंदींचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की घरात मुलाला कांजिण्या झाल्यानंतर त्या घरातल्या मोठ्यांना नागीण होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहते, आणि हा परिणाम दहा-वीस वर्षांनीही बराचसा टिकून असतो. पण दुसऱ्या बाजूचे पुरावेही तितकेच बोलके आहेत. फ्रान्समध्ये मठांतून एकांतवासात राहणाऱ्या, मुलांचा सहवासच नसलेल्या साधू-साध्वींची पाहणी झाली तेव्हा त्यांच्यात नागीण अधिक आढळली नाही. अमेरिकेत नागिणीचे प्रमाण वाढताना दिसते हे खरे. मात्र मिनेसोटातील ऑल्मस्टेड परगण्याच्या जुन्या नोंदींवरून दिसते की ही वाढ लस येण्याच्या कितीतरी आधी, १९४०च्या दशकापासूनच चालू होती. लस दिलेल्या मुलांमध्ये तर नागीण फारच कमी झाली: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये ती न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी होती. ब्रिटनच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये आपले मत बदलले, आणि जानेवारी २०२६ पासून तिथे सर्व मुलांना ही लस मिळू लागली.

मला त्या जुन्या युक्तिवादाची आकड्यांपेक्षा नैतिक बाजू अधिक खटकते. आजोबांची प्रतिकारशक्ती ताजी राहावी म्हणून नातवाला आजारी पडू द्यावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्या नातवाला या व्यवहारात फोड आणि ताप मिळतात, आणि आयुष्यभरासाठी मज्जातंतूत वस्ती करून राहिलेला विषाणूही. आजोबांना नागिणीपासून वाचवायचे असेल तर आजोबांसाठी लस उपलब्ध आहे; एका पिढीच्या दुखण्यावर दुसऱ्या पिढीचे आरोग्य उभे करण्याची गरज नाही.

भारतातील स्थिती मला या सर्वांहून अधिक चिंताजनक वाटते, कारण आपण दोन्हींपैकी कोणताच मार्ग विचारपूर्वक निवडलेला नाही. कांजिण्यांची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन मात्रांची शिफारस करते, एका मात्रेला खासगी दवाखान्यात दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि ज्यांना तो झेपतो ती कुटुंबे लस घेतात. त्यांनी ती घ्यावीच. कोणत्याही आईबापांनी आपल्या मुलाचे रक्षण करताना संकोच करण्याचे कारण नाही. पण समाज म्हणून याचा परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या आपल्या भूमिकेत बजावले आहे की ही लस सार्वजनिक कार्यक्रमात आणायची तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत ती सातत्याने पोहोचली पाहिजे. त्याहून कमी लसीकरण वर्षानुवर्षे चालू राहिले तर विषाणूचा फैलाव मंदावतो पण थांबत नाही, आणि लस न मिळालेल्यांना तो अधिक मोठ्या वयात गाठतो. म्हणजे सोसायटीतल्या मुलांना लस मिळाल्यामुळे शेजारच्या वस्तीतली मुलगी पाचव्या वर्षी कांजिण्यांतून सुटेल, आणि विसाव्या वर्षी, कदाचित गर्भारपणात, तिला त्या होतील. ही मुलगी आमच्या कोणत्याही आकडेवारीत लसीच्या धोरणाची बळी म्हणून नोंदली जाणार नाही. आश्रमशाळा, वसतिगृहे, बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्या, जिथे तरुण माणसे दाटीने राहतात, तिथे एक फोड दिसेपर्यंत विषाणू अनेकांपर्यंत पोहोचलेला असतो, कारण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागतो.

यावर सर्वांत सबळ आक्षेप प्राधान्याचा आहे, आणि मी तो हलका मानत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्के मुलांचेच मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले होते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या भागांत गोवराने मुले दगावली, तेव्हा गोवराच्या लसीकरणातल्या त्रुटी आधी भरून काढाव्यात, असे कोणी म्हटले तर ते योग्यच आहे. कांजिण्यांनी गोवरापेक्षा फार कमी मुले मरतात. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. कांजिण्यांच्या लसीची पहिली मात्रा दुसऱ्या वर्षात द्यायची असते, आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. त्या भेटीला अनेक मुले आणलीच जात नाहीत, ही आपली खरी अडचण आहे. ती भेट सुधारली तर दोन्ही कामे एकाच फेरीत होतील, आणि ती सुधारल्याशिवाय कांजिण्यांची लस आणणे घातक ठरेल. म्हणून ज्या राज्यांत, ज्या जिल्ह्यांत ही दुसरी भेट ८० टक्क्यांच्या पुढे स्थिरावली आहे, तिथून टप्प्याटप्प्याने सुरुवात व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिथे शाळाप्रवेशाच्या वेळी मोठ्या मुलांनाही मात्रा द्यावी लागेल, नाहीतर मधली पिढी तशीच उघडी राहील.

पैशाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकॉकल लस काही वर्षांपूर्वीपर्यंत देशाच्या बहुतेक भागांत केवळ खासगीत, हजारो रुपयांना मिळत होती. पुण्यात तयार झालेली स्वदेशी लस आली आणि २०२१ मध्ये ती देशभर मोफत उपलब्ध झाली. सरकार मोठी आणि खात्रीची खरेदी करते तेव्हा किंमत उतरते, हे आपण रोटाव्हायरसच्या लसीच्या बाबतीतही अनुभवले आहे. कांजिण्यांच्या लसीबाबत अशी मागणी महाराष्ट्रानेच पुढे होऊन करायला हवी, कारण लसनिर्मितीचे एवढे मोठे केंद्र आपल्या राज्यात आहे.

मुलांच्या लसीचे फळ नागिणीच्या बाबतीत दिसायला अर्धे शतक जाईल, कारण आज चाळिशीच्या पुढे असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या मज्जातंतूंत हा विषाणू आधीच बसलेला आहे. त्यांच्यासाठी नागिणीची नवी, निर्जीव घटकांची लस २०२३ पासून भारतात मिळते. ती अत्यंत प्रभावी आहे आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनाही देता येते, पण एका मात्रेला दहा हजारांहून अधिक रुपये पडतात आणि मात्रा दोन लागतात. एवढ्या किमतीत ती सर्व वृद्धांना देण्याची मागणी मी करणार नाही. कर्करोगाचे उपचार घेणारे, प्रत्यारोपण झालेले आणि एचआयव्हीबाधित रुग्ण यांना मात्र ती शासकीय रुग्णालयांतून मिळायला हवी; त्यांची संख्या मर्यादित आहे आणि धोका सर्वाधिक.

उरलेल्यांसाठी जे आजच करता येते ते स्वस्त आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे जुने औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत, दिवसातून पाच वेळा ८०० मिलिग्रॅमप्रमाणे सात दिवस घेतले तर दुखणे लवकर आवरते, आणि डोळ्यावर नागीण उठली असेल तर दृष्टीला होणारा धोका कमी होतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या पुरेशा असाव्यात, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते याची तिथल्या डॉक्टरांना आठवण करून दिलेली असावी, आणि एका बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठलेला माणूस दिसला की त्याला त्याच दिवशी केंद्रात आणावे, कपाळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे, एवढे प्रशिक्षण आशा सेविकांना द्यावे. नागीण उतरवणाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनाही हेच सांगावे, कारण पहिल्या दिवशी रुग्ण अनेकदा त्यांच्याच दारात असतो.